विठ्ठलवाडी ते बदलापूर: लॉकडाऊनमधल्या प्रेमाचा आपल्याकडचा इतिहास

परवा टपरीवर चहा पिताना विषय निघाला. आमच्यातला एक जण म्हणाला, "कोविडमध्ये खरी मजा कॉलेजच्या पोरांनी केली. लेक्चर नाही, परीक्षा घरून, दिवसभर हातात मोबाईल. सगळी लफडी तेव्हाच सुरू झाली." सगळे हसले, मीपण हसलो. पण घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यातून जाईना. कारण त्या 'मजे'त माझ्या घरातल्या एका मुलीचं शिक्षणाचं एक वर्ष गेलंय, आणि ते माझ्यामुळे गेलंय.

आपल्याकडे कोविडचा इतिहास सांगितला जातो तो बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर आणि रोजच्या आकड्यांचा. तो सांगायलाच हवा. पण १८ ते २२ वयाच्या पोरापोरींचं त्या दोन वर्षांत काय झालं, हे कुणी लिहीत नाही. त्यातून प्रेम, भेटणं, जवळीक हा विषय तर आपल्याकडे लॉकडाऊन नसतानाही बंदच असतो. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

सुरुवात जागेपासून करू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या होती ५,०६,०९८, आणि शहराचं क्षेत्रफळ साधारण १३ चौरस किलोमीटर. अंबरनाथ २,५३,४७५, बदलापूर १,७४,२२६. त्यानंतर अंबरनाथ-बदलापूर किती वाढलं ते सकाळी सातच्या लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगायला नको.

आपल्या गावाला खासगीपणा तसा कधीच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्याच बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला नाव बदलून उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना लोक अजून बराक नंबरच सांगतात. शेजारचे सिंधी आजोबा सांगायचे, एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये चादरी आणि गोणपाटं लावलेली. नवीन लग्न झालेली जोडपीसुद्धा त्या गोणपाटाआडच राहायची. आता गोणपाट गेलं, भिंती आल्या, वर मजले चढले. तरी आमच्यासारख्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतातच. अशा घरात फोनवर बोलायचं झालं तर जिना, गच्ची नाहीतर गल्लीचं टोक.

मग कॉलेजची पोरं भेटायची कुठे? उत्तर सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. लोकलमध्ये. प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर. गोल मैदानाच्या कठड्यावर. सुट्टीच्या दिवशी कोंडेश्वर, बारवी धरणाच्या बाजूला. कॉलेजचं आयकार्ड आणि रेल्वेचा पास, या दोन कागदांवर आपल्याकडचं प्रेम चालायचं. "लेक्चर आहे" आणि "गाडी लेट होती" या दोन वाक्यांत दिवसाची एखाद-दोन तासांची मोकळीक मिळायची.

तीही भीत भीत. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ परिसरातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी टाकून सज्ञान जोडप्यांना पकडलं होतं, ते आठवत असेल. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावून त्यांच्याकडून १,२०० रुपये दंड घेतला. बंद खोलीतली जोडपी 'सार्वजनिक ठिकाणी' कशी, असा गदारोळ झाला आणि पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. म्हणजे खोली घेतली तर धाड, बागेत बसलं तर हवालदाराची काठी. राहता राहिली लोकल.

आणि मार्च २०२० मध्ये नेमकी लोकलच बंद झाली.

तारखा एकदा डोळ्यांखालून घाला. १३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला. पाठोपाठ शाळा-कॉलेजं बंद. २२ ला जनता कर्फ्यू, त्याच रात्रीपासून लोकल बंद. २५ पासून देशभर लॉकडाऊन. १५ जूनला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. ऑक्टोबरमध्ये ठरावीक वेळांत सगळ्या महिलांना परवानगी मिळाली. सर्वांसाठी, तीही वेळा पाळून, १ फेब्रुवारी २०२१ ला. दुसरी लाट आली आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना. कॉलेजं प्रत्यक्ष उघडली २० ऑक्टोबर २०२१ ला, ओमायक्रॉनमुळे जानेवारीत पुन्हा मिटली, फेब्रुवारीत उघडली. सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला.

तीन वर्षांची पदवी असते. त्यातली दोन वर्षं ही अशी गेली.

आता एक गोष्ट बघा. साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला. तेव्हा उल्हासनगर नव्हतं, पण कल्याण स्टेशन होतं आणि तिथे उतरवून प्रवाशांची प्लेगची तपासणी व्हायची. परक्या माणसांनी बायकांच्या अंगाला हात लावून गाठी तपासायच्या, यावरून त्या काळात सगळ्या प्रांतात संताप उसळला होता. पुण्यात तर त्याच काळात रँडचा खून झाला. साथीच्या काळात सरकार माणसाच्या शरीरापर्यंत पोचतं, हे आपल्या भागाने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिलंय. २०२० मध्ये नियम वेगळे होते, पण प्रश्न तोच होता. कोणी कोणाच्या किती जवळ जायचं, हे कोण ठरवणार?

यावर जगात काय झालं? न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्येच शरीरसंबंध आणि कोविड यावर साध्या भाषेतलं पत्रक काढलं. धोका कुठे जास्त, कुठे कमी, सरळ लिहिलेलं. नेदरलँड्सच्या सरकारी आरोग्य संस्थेने मे महिन्यात एकट्या राहणाऱ्यांना सांगितलं, जवळीक हवी असेल तर एकाच ठरलेल्या व्यक्तीशी ठेवा, दोघांनी काळजी घ्या. जगभर त्यावर विनोद झाले. इंग्लंडमध्ये जूनमध्ये एकटं राहणाऱ्या प्रौढाला आणखी एका घराशी जोडून घ्यायची मुभा दिली. यातलं काही आपल्याकडे जसंच्या तसं चाललं नसतं, कारण तिथला नियम एकट्या राहणाऱ्या माणसाचा. आपला विद्यार्थी आई, बाप, आजी, भाऊ यांच्यासोबत एका खोलीत. पण त्यांनी निदान हे मान्य केलं, की असा एक प्रश्न आहे.

आपल्या नियमांत काय होतं? जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, आणि पास मिळायचा तो आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांना. लग्नाला ५० माणसांची परवानगी होती. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ च्या आदेशात ती २५ वर आली. एकच समारंभ, दोन तासांत उरकायचा, नियम मोडला तर ५० हजार दंड. म्हणजे एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन माणसांचं लग्न लावायला सरकारी आदेशात जागा होती. दोन वर्षं एका बाकावर बसणाऱ्या दोघांनी दहा फुटांवरून भेटावं, याला कुठल्या कलमात जागा नव्हती.

मी निर्बंधांच्या विरोधात नाही. माझी आजी तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. तिच्या जिवाची भीती खरी होती. रोज ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकलेत आपण. भेटू नका हे सांगणं बरोबरच होतं. पण 'भेटू नका' सांगणं वेगळं आणि 'तुमचं भेटणं म्हणजे थेरं' असं वागणं वेगळं. पहिलं डॉक्टर सांगतात. दुसरं आपण घरच्यांनी केलं.

आता घरचं सांगतो. बहिणीला विचारूनच लिहितोय.

ती तेव्हा एस. वाय. बी. कॉम. ला होती, ठाण्याकडच्या एका कॉलेजात. विठ्ठलवाडीहून गाडी पकडायची. तिच्या वर्गातला एक मुलगा बदलापूरहून त्याच गाडीला यायचा. ती लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये, ठाण्याला उतरून पुढे एकत्र चालत. हे सगळं मला नंतर कळलं. विठ्ठलवाडी ते बदलापूर अंतर किती? रेल्वेने जेमतेम १२ किलोमीटर. लोकल बंद झाली आणि ते १२ किलोमीटर परदेशाइतके लांब झाले.

लेक्चर ऑनलाइन सुरू झाली. घरात स्मार्टफोन दोन, एक माझा, एक तिचा. तिचाही मीच घेऊन दिलेला, आणि ते मी विसरलो नव्हतो. ती माळ्यावर चढून कानात हेडफोन घालून बसायची. रात्री चादरीतून मोबाईलचा उजेड दिसायचा. वडिलांचं जीन्सच्या कारखान्यातलं काम बंद होतं, माझा पगार अर्धा झाला होता, सगळ्यांची डोकी तापलेली. सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. ती आंघोळीला गेली असताना मी तिचा फोन उघडला.

त्यात काय होतं? जेवलीस का, आजी कशी आहे, असाइनमेंटचे फोटो. परीक्षा होणार की नाही याची चर्चा. आणि एक भेट. तो बदलापूरहून सायकल मारत आला होता आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या डेअरीसमोर मास्क लावून उभा राहिला होता. ही पिशवी घेऊन दूध आणायला गेली. दोघं दहा फुटांवर उभे राहिले. नंतर तिने त्याला लिहिलं होतं, "मास्कमुळे आधी ओळखलंच नाही." बस, एवढंच.

मी ते वडिलांना दाखवलं. कशासाठी? आज विचार करतो तेव्हा एकही धड कारण सापडत नाही. आजीला लागण होईल, असं तेव्हा म्हणालो होतो. खरं सांगायचं तर आजीचा विचार मला नंतर सुचला. घरात माझं काहीच चालत नव्हतं, पगार नाही, काम नाही. हिच्यावर तरी चालावं, असं काहीतरी ते होतं.

फोन काढून घेतला. फोनबरोबर लेक्चर गेली, कारण लेक्चर त्यातच होती. ग्रुपवरच्या सूचना गेल्या, प्रोजेक्ट राहिलं, फॉर्म भरायची तारीख उलटून गेली. मुलाला कुणी काही विचारलं नाही. त्याचा फोन त्याच्याकडेच होता, तो वेळेवर पास झाला.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट असती तर मी इथे लिहिली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघा. स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. हे आकडे महामारीच्या आगेमागेच गोळा झालेले. म्हणजे वर्ग, परीक्षा, मैत्री, प्रेम सगळं ज्या एका वस्तूत शिरलं, ती वस्तूच मुलींच्या हातात नीट नव्हती. जिच्या हातात होती, तिचा पासवर्ड भावाला माहीत होता.

टिंडरने २९ मार्च २०२० या एकाच दिवशी ३०० कोटींहून जास्त स्वाइप झाल्याचं जाहीर केलं होतं. तोपर्यंतचा त्यांचा विक्रम. बाहेरची माध्यमं 'लॉकडाऊनमधलं डेटिंग' म्हणून त्याच्यावर लिहीत होती. आपल्या कॅम्पांमधलं डेटिंग असं नव्हतं. ते व्हॉट्सॲपवर होतं, इन्स्टावर होतं, २ सप्टेंबरला बंदी येईपर्यंत पबजीच्या व्हॉइस चॅटवर होतं. ऑनलाइन लेक्चरमध्ये कॅमेरा बंद करून दोघांनी शांत बसण्यात होतं. आणि त्याची दुसरी बाजूही होती. फोटो मागणं, स्क्रीनशॉट काढणं, "घरी सांगेन" म्हणून धमकावणं. देशात सायबर गुन्ह्यांच्या नोंदी २०१९ च्या ४४,७३५ वरून २०२० मध्ये ५०,०३५ झाल्या. हे सगळेच गुन्हे प्रेमातले नाहीत, उघड आहे. पण धमकी आलेली मुलगी तक्रारीला जाणार कशी? तक्रार करायची तर आधी घरी सांगावं लागतं, आणि धमकी नेमकी घरी सांगायचीच असते.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. घरात स्थळांची चर्चा सुरू झाली. ओळखीतले म्हणायचे, आता २५ माणसांत होतंय, हॉल नको, जेवणावळी नकोत, लाखाचं काम वीस हजारांत. वडील जवळजवळ तयार झाले होते. बहीण तेव्हा एकच वाक्य बोलली, "लग्नाला पास मिळतो, मला परीक्षेला मोबाईल मिळाला नाही." त्यावर मी पहिल्यांदा तिच्या बाजूने बोललो. ते स्थळ नाकारलं. पण गल्लीतल्या, तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या घरी असं कुणी बोललं नसणार. २०१९ मध्ये देशात बालविवाह कायद्याखाली ५२३ गुन्हे नोंदले गेले होते, २०२० मध्ये ७८५. ही नोंद कायद्याच्या वयाखालच्यांचीच. १९-२० वर्षांच्या मुलीचं कॉलेज सोडवून घाईत लावलेलं लग्न कायद्याने रीतसर असतं. ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग लस आली. १ मे २०२१ पासून १८ च्या वरच्यांना खुली झाली, पण साठा नव्हता. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. दुसऱ्या डोसानंतर १४ दिवस थांबायचं, मग रेल्वेचा पास. बहिणीला पहिला डोस मिळाला जुलैच्या शेवटी. हिशोब करा, गाडीत पाय ठेवायला नोव्हेंबर उजाडला. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१. तोपर्यंत त्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. भांडण नाही, फसवणूक नाही, नुसतं विरून गेलं. तिच्या बॅचच्या किती जणांचं असंच झालं असेल.

ज्यांना बाहेर पडता आलं त्यांचं काय झालं, तेही नोंदवून ठेवतो. २०२१ च्या पावसाळ्यात बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या लोकांनी रस्त्यावर रंगाने 'नो किसिंग झोन' लिहिलं. लॉकडाऊनमध्ये तिथे जोडपी येऊन थांबायची म्हणून. बातम्या झाल्या, लोक हसले. सोसायटीवाल्यांची अडचण मला समजते. पण ती पोरं तिथे का आली, हे कुणी विचारलं नाही. बागा बंद, कॉलेजं बंद, चौपाट्यांवर निर्बंध, घरात माणसं. रस्ता तेवढा उरला होता.

याच काळात एक बदल मात्र गाजावाजा न होता झाला. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात संततिनियमनाचं साधन निकामी ठरल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरतं लिहिलेलं होतं. मार्च २०२१ मध्ये संसदेने ते बदलून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' केलं. सप्टेंबर २०२१ पासून ते लागू झालं. अविवाहित मुलगीही माणूस आहे आणि तिलाही जोडीदार असू शकतो, हे पन्नास वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आलं. आपल्या किती कॉलेजांत हे मुलींना कुणी सांगितलं? ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. २०२० ला कॉलेजात असलेली मुलं तेव्हा पहिली-दुसरीत होती. म्हणजे त्यांना शाळेत कुणी काही शिकवलं नाही, कॉलेजला ती गेलीच नाहीत. शिकली ती मोबाईलवर, एकेकटी.

हे सगळं आज का लिहायचं? कारण साथ परत येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी बेड वाढतील, ऑक्सिजन प्लांट असतील. पण काही साध्या गोष्टी आत्ता, साथ नसताना करता येतात. पालिकेच्या बागा संध्याकाळी उघड्या आणि दिवे लागलेल्या असाव्यात, तिथे बसलेल्या सज्ञान माणसांना विनाकारण उठवू नये. प्रत्येक कॉलेजात समुपदेशक नुसता कागदावर नको, मुलांना त्याचा नंबर माहीत असावा आणि घरी न कळवता बोलता यावं. वर्ग ऑनलाइन झाले तर ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा ज्यांचा फोन काढून घेतला गेलाय, अशांसाठी वॉर्डातल्या अभ्यासिकेत सोय असावी. नगरसेवकाकडे गटार-पाण्यासोबत हेही मागायला काय हरकत आहे?

आणि घरातल्या मोठ्या भावांना एक सांगणं. बहिणीचा फोन उघडण्याआधी मला विचारा, त्यात काय सापडतं. जेवलीस का, आजी कशी आहे, एवढंच सापडतं. आणि ते वडिलांना दाखवलं की काय होतं, तेही मी सांगू शकतो.

बहिणीने टी. वाय. पुन्हा केलं, एक वर्ष उशिराने डिग्री घेतली, आता नोकरी करते. रोज विठ्ठलवाडीहूनच गाडी पकडते. हे लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. म्हटलं, काही काढायचं असेल तर सांग. तिने पूर्ण वाचलं आणि म्हणाली, काढू नकोस काही. एकच दुरुस्ती कर. मी दूध घेऊन परत आले तेव्हा तो गेला नव्हता. मी वर येऊन खिडकीतून बघत होते. तो तासभर तिथेच उभा होता.